उघडणे

रामकिसनचा मेसेज वाचून रूपानं फोन पर्समध्ये टाकला, चेन ओढली, आणि लगेच ती चेन उघडून फोन पुन्हा बाहेर काढला.

'मॅडम, चार नंबर व्हॉल्वचा पाईप आज पण आला नाही. गाडी उद्या सकाळी.'

रामकिसन तिच्याबरोबर स्टोअरमध्ये होता, पाळी सुटली की मोटरसायकलनं घरी निघायचा आणि तिची बस सुटल्यावर त्याला काही ना काही आठवायचंच. एरवी तिनं अंगठा पाठवून विषय मिटवला असता. आज मात्र ती त्या ओळीकडे बघत राहिली. पाईप आला नाही. म्हणजे चार नंबरच्या व्हॉल्वचं तोंड अजून मोकळंच आहे. मग तो उघडायला कशाला सांगतील?

कंपनीची बस केंब्रिज चौक ओलांडून चिकलठाण्याच्या दिशेनं निघाली होती. चार वाजून पाच मिनिटं झाली होती. रूपानं दुपारी काढलेला फोटो शोधला. नुरेत्तीन उस्तांच्या तिरप्या अक्षरातल्या अकरा ओळी. सातवी ओळ तिनं बोटांनी मोठी केली. त्या ओळीचं मराठी तिनंच केलं होतं, छापलं होतं, खाली सही केली होती आणि प्लास्टिकच्या पाकिटात घालून मशीनच्या पॅनेलला अडकवलं होतं : 'थंड करणे. चार नंबरचा व्हॉल्व उघडणे.'

तिनं ती ओळ पुन्हा वाचली.

शेंद्र्याच्या त्या कारखान्यात रबरी नळ्या तयार होत. कच्च्या नळ्या वाफेवर शिजवायला तीन महिन्यांपूर्वी तुर्कस्तानातून नवं ऑटोक्लेव्ह आलं होतं. टँकरसारखी लांब, आडवी, जाड लोखंडाची टाकी. तिच्याबरोबर ती बसवून द्यायला नुरेत्तीन उस्ता, म्हणजे आपल्याकडचे उस्ताद, आले. साठीचे, पांढऱ्या मिशांचे, इंग्रजीचे मोजून वीस शब्द येणारे. कारखान्यात तुर्की येणारं कुणी असेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण स्टोअरमधल्या रूपा साळवेनं लॉकडाऊनमध्ये आईबरोबर तुर्की मालिका बघता बघता ती भाषा धरली होती, पुढं दोन वर्षं ऑनलाइन वर्ग करून परीक्षाही दिली होती. प्रॉडक्शन मॅनेजर इंद्रजीत सरांना हे कळलं तसं ते तिला रोज दोन तास ऑटोक्लेव्हच्या शेडमध्ये पाठवायला लागले.

तिथं तिसरे असायचे सर्जेराव. ऑटोक्लेव्ह चालवणारे, चोपन्न वर्षांचे, जवळच्याच गावचे. तिघांचा चहा टाकीच्या सावलीला व्हायचा. उस्ता शब्द शिकवायचे ते हातातली वस्तू दाखवून. कॅन्टीनमधून आणलेल्या मिठाच्या पुडीवर बोट ठेवून म्हणायचे, तुझ. मीठ. मग तुझलु, खारट. तुझसुझ, अळणी. तुझलुक, मिठाची डबी. मूळ शब्द तसाच, शेपूट तेवढी नवी.

"माझं नाय, तुमचंच मीठ हाय हे," सर्जेराव म्हणाले होते, आणि रूपाला ते उस्तांना समजावून सांगता सांगता पाच मिनिटं लागली होती.

चहावाल्याला तिकडं चायजी म्हणतात आणि ही 'जी' किंवा 'ची' कुठल्याही धंद्याला लागते हे कळल्यावर तर सर्जेराव ताठच बसले. "म्हंजी आपला खजांची, मशालची, तोपची! ही तर आमच्या आज्ज्याची बोली. निजामाच्या वक्ताची." उस्तांनी ते तिन्ही शब्द वहीत लिहून घेतले होते.

त्यांच्या त्या शेपट्यांतलीच एक होती 'मा'. क्रियेला लावली की त्या क्रियेचं नाव व्हायचं. इसितमा, तापवणे. सोउत्मा, थंड करणे. बोशाल्तमा, रिकामं करणे. उस्तांच्या अकरा ओळींत असे शब्द पाठोपाठ आले होते. सातव्या ओळीत आचमा आलं. आच, उघड. आचमा, उघडणे. फोनवरच्या भाषांतराला विचारलं तर त्यानं सांगितलं, 'एक प्रकारचा पाव'. ती हसली होती आणि स्वतःच्या हातानं 'उघडणे' लिहून मोकळी झाली होती. उस्तांना विमान गाठायचं होतं, इंद्रजीत सर दारात गाडीची किल्ली वाजवत होते.

पण 'मा' आणखी एक असते. तीही क्रियेलाच लागते, दिसायला अगदी तीच. तिचा अर्थ नको. आचमा : उघडू नको. बोलताना फरक कळतो. नाव असेल तर जोर शेवटी 'मा'वर पडतो, मनाई असेल तर आधी 'आच'वर. कागदावर दोघी सारख्या. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत हाच प्रश्न आला होता आणि तिनं पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

चार नंबरचा व्हॉल्व टाकीच्या तळाला होता, उभ्या माणसाच्या गुडघ्याखाली. आत दाब असताना तो उघडला तर उकळतं पाणी सरळ बाहेर येणार. ते दूर नेणारा पाईप अजून गाडीवरच चढायचा होता.

साडेतीनला चढवलेली बॅच साडेचारला थंड व्हायला लागणार. उस्ता नसताना चालणारी ही पहिलीच बॅच.

"भाऊ, थांबवा! उतरायचंय!" रूपा उठून ओरडली.

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. "मॅडम, तुमचं तर सिडको ना?"

"थांबवा म्हणते ना!"

ती जालना रोडच्या कडेला उतरली आणि चालतच उस्तांचा नंबर लावला. बंद. त्या ओळीचा फोटो पाठवून 'उघडायचं की नाही?' एवढं विचारून ठेवलं, मग इंद्रजीत सरांचा लावला. त्यांनी लगेच उचलला.

"सोडलं उस्तांना, आत गेले ते. काय झालं?"

तिनं सांगितलं. घाईघाईत सांगितलं, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. शेडमध्ये फोन नेता येत नाही, तिथल्या सगळ्यांचे फोन गेटवरच्या पेटीत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"म्हणजे उघडू नका असं आहे ते?"

"असू शकतं सर."

"असू शकतं म्हणजे? तुम्हाला खात्री आहे का?"

रूपाच्या शेजारून एक कंटेनर धडधडत गेला. "नाही," ती म्हणाली. "पण पाईप आलेला नाही, म्हणून—"

"हे बघा मॅडम, बॅच मध्येच सोडली तर सगळा माल वाया. उद्या पार्टी येतेय बघायला. आणि सर्जेराव काही नवीन नाहीत. मी टायरच्या दुकानात अडकलोय, अर्ध्या तासात पोचतो. तोवर उगाच घबराट करू नका."

तिनं गेटवर फोन लावला. पहारेकरी पारूबाईंनी उचलला.

"शेडातला फोन कुणी उचलंना मॅडम. मी गेट सोडून कशी जाऊ? इथं दोन ट्रक हायेत काट्यावर. कुणी दिसलं तर सांगते."

"कुणी दिसायची वाट बघू नका मावशी. ट्रकवाल्याला पाठवा. कुणालाही पाठवा. चार नंबरला हात लावू नका म्हणावं, एवढंच."

"चार नंबर. व्हय."

रिक्षा मिळाली. म्हातारा रिक्षावाला शेंद्र्याचं नाव ऐकून कुरकुरला, मग तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "बैठो बेटा." केंब्रिज चौकात ट्रकांची रांग लागली होती. सिग्नल दोनदा हिरवा होऊन लाल झाला. रूपानं दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. तिला आता दुसरंच आठवत होतं आणि ते आठवू नये असं वाटत होतं.

तिची पाळी सुटताना, साडेतीनच्या सुमाराला, सर्जेराव स्टोअरच्या खिडकीशी आले होते. हातात चष्मा. "ताई, त्ये चार नंबरचं नीट बघितलंय न्हवं? थंड करताना उघडायचं म्हंजी मला जरा इचित्र वाटायलंय." तिची बस सुटायला आली होती, संगणक बंद होत होता. ती मान वर न करता म्हणाली होती, "काका, लिहिलंय तसंच करा."

लिहिलंय तसंच करा. आणि ते पाठ वळवून गेले होते, कारण लिहिणारी ती होती.

"चाचा, बाजूनं काढता येईल का?"

"कहाँ से निकालूँ बेटा, हवा में से?"

गेटशी पोचली तेव्हा चार चाळीस झाले होते. पारूबाई धावत बाहेर आल्या. "सांगावा धाडला व्हता मॅडम! गेला का न्हाई कुणास ठाऊक, त्यो मानूस परत आलाच नाय." रूपानं फोन पेटीत टाकला नाही की रजिस्टरमध्ये नाव लिहिलं नाही. ती शेडकडे पळत सुटली. कारखान्यात कुणी पळायचं नसतं, तसा फलक प्रत्येक कोपऱ्यावर होता.

शेडमध्ये शांत होतं. पलीकडच्या टोकाला कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं. ऑटोक्लेव्हच्या पॅनेलवरचा हिरवा दिवा चालू, काटा हळूहळू खाली येत होता. सर्जेराव टाकीच्या पलीकडे, पाण्याच्या ड्रमाला टेकून स्टुलावर बसले होते. त्यांनी तिला पाहिलं आणि हात वर केला.

"काय वं ताई? बस चुकली का?"

"चार नंबर—" तिला श्वास पुरेना. "चार नंबर उघडलात का?"

सर्जेरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"काका, ते चुकलंय माझं. आचमा म्हणजे उघडणे असं मी धरलं, पण त्याचा दुसरा अर्थ उघडू नका असा होतो. आचमा. शब्द तोच असतो. उघडलात का तुम्ही?"

"नाय," सर्जेराव म्हणाले. "नाय उघडला."

रूपानं वाकून बघितलं. चार नंबरचं चाक घट्ट बंद होतं. भोवतालची फरशी ओली होती, पण सर्जेराव पाळीत दोनदा पाणी मारून आपली जागा लख्ख ठेवायचे हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं. ती पॅनेलला धरून उभी राहिली.

"पण मी तर तुम्हाला म्हटलं होतं, लिहिलंय तसंच करा."

"व्हय, म्हणला व्हता." सर्जेरावांनी कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. "पर उस्ता जाताना माझ्याकडं आला व्हता. ह्या चाकावर हात ठिवला आन् म्हणला, आचमा. असं डोळं मोठं करून. उघड म्हणणारा मानूस असं डोळं करून म्हणंल का? मंग म्या इचार केला, ऱ्हाऊ द्यावं."

त्यांनी तो शब्द शेवटावर जोर देऊन उच्चारला, ती धापा टाकत म्हणाली होती तसाच. पण तिचं मन आता उच्चाराकडे नव्हतं. तिला रडू येईलसं वाटत होतं आणि हसूही. दोन वर्षं वर्ग केले, प्रमाणपत्र फ्रेम करून आईनं भिंतीला लावलं, आणि ज्यांना त्या भाषेतलं चहा आणि मीठ सोडून काही येत नव्हतं त्यांना माणसाच्या डोळ्यांवरून कळलं.

"पाणी पिता का?" सर्जेराव म्हणाले. "तांब्या तिकडं हाय बगा. घ्या तुमच्या हातानं."

ती पाणी प्यायली. तेवढ्यात इंद्रजीत सर आले. शर्ट घामानं भिजलेला, हातावर टायरचं काळं. त्यांनी आधी पॅनेल पाहिलं, मग चार नंबरचं चाक, मग दोघांकडे.

"काही झालं नाही ना?"

"कायबी नाय साहेब," सर्जेराव बसल्या जागेवरून म्हणाले. "बॅच झकास चाललीय."

इंद्रजीत सरांनी मोठा श्वास सोडला. पॅनेलला अडकवलेला कागद पाकिटातून ओढून काढला, सातवी ओळ वाचली आणि रूपाला दिला. "नवीन छापा आणि लावा. हा फाडून टाका. विषय संपला."

"निअर मिसच्या रजिस्टरला लिहावं लागेल सर."

अपघात होता होता टळला की त्याची नोंद करायचं ते रजिस्टर पॅनेलच्या बाजूला खिळ्याला टांगलेलं असायचं. तिथं बहुतेक पानं कोरीच होती.

"कशाला?" त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, पुढच्या आठवड्यात तुमची बुर्साची फाईल वर जातेय. तीन आठवड्यांचं ट्रेनिंग, मशीन बनवणाऱ्यांच्या तुर्कस्तानातल्या कारखान्यात. इथून पहिल्यांदाच कुणी चाललंय. आणि भाषांतर चुकलं अशी नोंद तुमच्याच नावावर? कुणाला काही झालेलं नाही."

रूपाचा पासपोर्ट मागच्या महिन्यात आला होता. साळव्यांच्या घरातला पहिला. आई तो रुमालात गुंडाळून कपाटात ठेवायची आणि कुणी आलं की बाहेर काढायची. तो रुमाल क्षणभर तिच्या डोळ्यांपुढं आला. मग तिनं खिळ्यावरचं रजिस्टर काढलं.

तिनं उभ्यानंच लिहिलं. तारीख, वेळ, जागा. 'सूचनेच्या भाषांतरात चूक. मनाईच्या जागी करण्याची सूचना लिहिली गेली. भाषांतर करणारी : रूपा साळवे.' खाली रकाना होता, इजा. तिनं लिहिलं, 'नाही'. मग रजिस्टर सर्जेरावांच्या मांडीवर ठेवलं. "काका, साक्षीदार म्हणून."

सर्जेरावांनी चष्मा लावला. तिनं लिहिलेलं सावकाश वाचलं, शेवटपर्यंत. पेन घेतलं, थोडा वेळ तसंच धरलं, आणि सही केली.

इंद्रजीत सरांना ते आवडलं नव्हतं, पण त्यांनी अडवलंही नाही.

रूपाच्या पर्समध्ये फोन थरथरला. विमानात चढण्याआधी फोन चालू करताच उस्तांनी बोलून पाठवलेला निरोप होता. तिनं तो तिथंच लावला. विमानतळाचा गोंगाट, आणि त्यातून ओरडल्यासारखा उस्तांचा आवाज. "आऽचमा, किझम, आऽचमा!" उघडू नको, पोरी. जोर आधी, पहिल्याच अक्षरावर. मग भराभर पुढची वाक्यं. निरोप संपला.

"काय म्हणतायत?" इंद्रजीत सरांनी विचारलं.

"उघडू नका असंच आहे. पाईप बसेपर्यंत हात लावायचा नाही."

"आणि पुढचं?"

रूपानं निरोप पुन्हा लावला, या वेळी फोन कानाशी धरून. उस्ता म्हणत होते, माफ कर पोरी, चूक माझी आहे. सर्जेरावला सांगायचं राहूनच गेलं. त्याला मी भेटलोसुद्धा नाही. नुसतं लिहून निघालो.

तिनं फोन खाली घेतला.

सर्जेराव ड्रमाकडे बघत होते. साहेब शेडमध्ये आले की स्टुलावरून उठणारे सर्जेराव अजून बसूनच होते. त्यांची डावी पँट पोटरीपर्यंत ओली होती. डावा पाय त्यांनी ड्रमाच्या मागं सरकवून ठेवला होता, आणि बुटाच्या काठाशी, मोज्याच्या वर, कातडी लालभडक दिसत होती.

"काका," रूपा म्हणाली, "बूट काढा."

"काय व्हत नाय ताई."

"बूट काढा."

ते हलले नाहीत, तेव्हा ती त्यांच्यासमोर ओल्या फरशीवर बसली आणि बुटाच्या नाडीला हात घातला.

"पायाला हात लावू नका ताई! असं करू नाय." त्यांनी पाय ओढायला बघितलं, पण तो ओढवला नाही. त्यांच्या तोंडून दबलेला आवाज निघाला. नाडी सुटली. बुटातून कोमट पाणी फरशीवर आलं. मोज्याची कड कातडीला चिकटली होती. रूपानं हात मागं घेतला.

"काढायचा नाही आता. तसाच राहू दे. सर, गाडी आणा. शेडच्या दाराशी आणा."

इंद्रजीत सर दोन पावलं पुढं आले, पाय पाहिला आणि वळून धावत सुटले.

"अर्धाच फेरा दिला व्हता म्या," सर्जेराव हळू आवाजात म्हणाले. "लगीच बंद केला. पाणी मारलं वरनं. उद्यापरवा उतरलं असतं. तुमचं त्या गावाला जायचं ठरलंय, म्हणून म्हणलं..."

रूपानं ड्रममधलं पाणी तांब्यानं घेऊन बुटाच्या वरून सोडायला सुरुवात केली. एक तांब्या, दुसरा, तिसरा. सर्जेराव डोळे मिटून बसले होते. बाहेर गाडीचा दरवाजा आपटल्याचा आवाज आला.

रजिस्टर त्यांच्या मांडीवरून घसरून स्टुलाच्या पायाशी उघडं पडलं होतं. तिनं ओला हात ओढणीला पुसला, पेन उचललं, 'इजा'पुढच्या 'नाही'वर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी आपली सही केली.